नसलेले बारा कॉलम

मला माझ्या सहीची पहिल्यांदा शिसारी आली तेव्हा मी आलू-वांग्याची भाजी खात होतो. भाजी फक्कड होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात चांगलं म्हणावं असं फारसं काही सापडायचं नाही.

बायको लेकीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेली होती. मला स्वयंपाकातला फक्त चहा येतो, आणि तोही उतू जातो. म्हणून सिंदी मेघेतल्या एका मेसमध्ये दोन वेळचं जेवण लावलं. प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमधलं जुनं घर. खाली मेस, मागच्या खोलीत मेसवाल्या ताईचं बिऱ्हाड, म्हणजे ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू. वर अलीकडे चढवलेला मजला, तिथे नर्सिंगच्या चार मुली भाड्यानं. घराचा मालक गावात धान्याचं दुकान चालवतो. तिकडे तो भाडं घ्यायलाच काय तो येणार.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. घर उभं राहील की बसेल हे सांगणं हा माझा धंदा. बांधकाम परवानगीच्या कार्यालयात माझी नोंदणी आहे, परवाना क्रमांक आहे, जांभळ्या शाईचा शिक्का आहे. हे मी मेसमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. जेवायला गेलेल्या माणसानं कशाला सांगावं? ताई मला नुसतं साहेब म्हणायची. पांढरे केस आणि शर्टाच्या खिशात पेन दिसला की आमच्याकडे कुणीही साहेब होतो.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ताई पोळी वाढता वाढता म्हणाली, "साहेब, सोमवारपासून दोन दिवस डबा घेऊन जाजा. इथं बसाले जागा नाई राहनार. ही मधली भीत फोडून राह्यलो आमी."

एका वसतिगृहानं तिला चाळीस मुलींच्या रोजच्या जेवणाचं काम देऊ केलं होतं. अट एकच, सगळ्या एका वेळी बसतील असा हॉल पाहिजे. मधली भिंत गेली की दोन खोल्यांचा एक हॉल होत होता. सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

माझा घास हातातच राहिला. धंद्याची सवय म्हणा, मी वर पाहिलं. दोन्ही खोल्यांचा स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेला. मी ताट हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर गेलो. तिकडे प्लास्टर नव्हतं. विटांचे थर कोपऱ्यावरून सरळ वळून गेलेले, सांध्यात सिमेंट नाही, माती. कॉलमचा, म्हणजे सिमेंट-लोखंडाच्या खांबांचा, पत्ता नाही. काळ्या मातीवरचं जुनं विटांचं घर, आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी अख्खा मजला नेऊन बसवला होता. ती मधली भिंत काढली असती तर वरच्या चार मुली त्या चाळीस ताटांच्या मधोमध आल्या असत्या.

"ताई, ही भिंत फोडू नका," मी म्हणालो. "वरचा सगळा भार हिच्यावरच आहे."

"नाई जी," ती हसून म्हणाली. "भार कॉलमवर हाय. भीत त नुसती आडोशाची. इंजिनिअरनं लिहून देल्लं हाय. मालकानं झेरॉक्स देल्ली मले."

तिनं कपाटातून प्लास्टिकचा फोल्डर आणला. आत दोन कागद. एक तिच्या मेसची नोंदणी. ती देण्याआधी एक बाई येऊन पिठाचा डबा उघडून पाहून गेली होती, पाण्याची टाकी पाहून गेली होती, असं ताईनं कौतुकानं सांगितलं. दुसरा कागद इमारतीच्या मजबुतीचा दाखला. 'मी स्वतः प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असून इमारतीचे बाराही आर.सी.सी. कॉलम सुस्थितीत आहेत.' खाली जांभळा शिक्का. शिक्क्यावर सही.

माझी.

मी काय केलं सांगू? मी कागद परत दिला आणि ताक मागितलं.

ती सही मी केव्हा केली ते आठवायचा मी रात्री फार प्रयत्न केला. आठवेना. आठवणार कुठून? बसस्टँडजवळ एक ड्राफ्ट्समनचं दुकान आहे. नकाशा तोच काढतो, फाईल तोच लावतो, घरमालक त्याच्याकडेच जातो. आम्ही इंजिनिअर लोक सकाळी अकराच्या चहाला तिथे जमायचो. टेबलावर कागदांचा गठ्ठा तयार, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारलेली. एका हातात कप, दुसऱ्या हातात पेन. 'मी स्वतः प्रत्यक्ष जागेवर जाऊन' या शब्दांखाली सही करताना मी पोऱ्याला साखर कमी टाक म्हणून ओरडलो असेन. डोंबलाची पाहणी! मी एकटाच असं करायचो असं समजू नका, आणि सगळे करायचे म्हणून मला सोडूही नका. आपापल्या गठ्ठ्यावर जो तो सही करायचा आणि मग क्रिकेटवर बोलायचा.

शुक्रवारी सकाळी त्याच दुकानात जाऊन मी ती फाईल कॉम्प्युटरवर उघडायला लावली. ड्राफ्ट्समननं दुसऱ्याच एका नव्या, कॉलमवर उभ्या असलेल्या इमारतीचा माझाच जुना दाखला घेतला होता. मालकाचं नाव बदललं, प्लॉट नंबर बदलला, तारीख बदलली. बारा कॉलम जसेच्या तसे आले.

"सर, तुम्हीच तर म्हणाले होते, मजकूर तोच ठेवत जा," तो म्हणाला.

म्हणालो होतो.

आमच्या नोंदणीची गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. गंमत कसली, किळस आहे ती. डॉक्टरच्या डोक्यावर कौन्सिल असतं, वकिलाची सनद जाऊ शकते. आम्हा इंजिनिअरांच्या डोक्यावर देशभराचं असं काही नाही. जिथल्या तिथल्या कार्यालयात अर्ज टाकायचा, पदवीची प्रत जोडायची, कुणा थोराचं अनुभवाचं पत्र लावायचं, बस, झालात तुम्ही नोंदणीकृत. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. त्या वेळी मी कुठे राहतो याचा पुरावा मागतात, विजेचं बिल मागतात, फोटो ताजा पाहिजे म्हणतात. माझं घर खरं आहे की नाही हे इतक्या बारकाईनं तपासतात. मी ज्या घरांबद्दल लिहून देतो ती पाहिली का, एवढा एक प्रश्न एवढ्या वर्षांत कुणी विचारला नाही. आणि खरं सांगतो, विचारत नाहीत याचं मला बरंच वाटायचं.

तिथून तसाच कार्यालयात गेलो. टेबलावरचा बाबू ओळखीचा.

"मला माझा एक दाखला रद्द करायचाय," मी म्हणालो.

"काऊन? पार्टीसंगं भांडन झालं का?"

"नाही. दाखला खोटा आहे."

"कोनी तक्रार केली?"

"मीच करतोय."

"कोनाच्या विरोधात?"

"माझ्या."

तो हसला. शेजारच्या टेबलाला ऐकवून पुन्हा हसला. "साहेब, तक्रार करनारा आन् ज्याच्यावर तक्रार हाय तो, दोघं एकच कसे चालन? हे कॉम्प्युटर घेतच नाई ना बाप्पा." मग त्यानं फाईल उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "हे पाहा, पाहणीचा फोटो लागला हाय. कॉलम दिसून राह्यले साफ."

फोटोत हिरव्या रंगाची नवीकोरी इमारत होती. "हे ते घर नाही," मी म्हणालो. "ते घर पिवळं आहे. जुनं आहे."

"रंग त बदलत राहते, साहेब."

मी त्याला म्हणालो, बाबा, दाखल्याचं राहू दे, सोमवारी तिथे भिंत फोडणार आहेत, वर चार मुली राहतात, खाली एक म्हातारी झोपलेली असते, निदान काम थांबवायची नोटीस काढ. त्यानं मान हलवली. "घरातल्या भितीची नोटीस आपन नाई काढत. पडली की सांगा, मंग पंचनाम्यात घेऊ." आणि माझा पडलेला चेहरा पाहून दया आल्यासारखं म्हणाला, "तुमचं नूतनीकरण जवळ आलं हाय. कायले आपल्याच हातानं तोंड काळं करता?"

बाहेर येऊन मी मोटरसायकलला किल्ली लावली. त्या माणसाची घाण वाटावी असं मला फार वाटत होतं. पण त्यानं दाखवलेल्या त्या हिरव्या फोटोखाली नाव माझं होतं.

घरमालकाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुमीच लिहून देल्लं का मजबूत हाय. आता तुमीच म्हनता नाई हाय. तुमाले अजून काई पाह्यजे का? तसं सरळ बोला ना." माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं झालं. मी फोन ठेवून दिला. त्याला तरी काय म्हणू? आमच्या लोकांनीच त्याला तशी सवय लावलेली.

आता तुम्ही विचाराल, अरे शहाण्या, हे सगळं करत फिरण्यापेक्षा सरळ ताईकडे जाऊन सांगून का नाही टाकलंस? शुक्रवारी दोन्ही वेळा मी तिच्याकडे जेवलो. दोन्ही वेळा ठरवून गेलो. ती पानात भाजी वाढायची, पुरे म्हटलं तरी अजून एक पोळी टाकायची, आणि मी मूग गिळून बसायचो. "भिंतीचं जरा थांबा," एवढंच पुटपुटलो. ती म्हणाली, "वसतिगृहवाले थांबत नाई ना, साहेब." खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली. पण खोटं लिहून देऊन त्याच घरचं ताक पिणारा मीच पाहिला.

शनिवारी मी आमच्या संघटनेच्या अध्यक्षांकडे गेलो. तसे ते माझे गुरूच. नवा होतो तेव्हा याच माणसानं मला हातात हातोडी देऊन स्लॅबखाली झोपवलं होतं. वाजवून बघ, आवाज ऐक, म्हणाले होते. पोकळ आवाज आला की पाठीत धपाटा घालून हसायचे. मला वाटलं, निदान इथे तरी कुणी शिव्या घालेल. मी शिव्या खायलाच गेलो होतो हो.

सरांनी शिव्या घातल्या नाहीत. अर्ध्या मिनिटात सगळं समजलं त्यांना आणि ते म्हणाले, "चूक-दुरुस्तीचं पत्र देऊन टाक. टंकलेखनातल्या चुकीमुळे कॉलम असं पडलं, त्याऐवजी भारवाहक भिंती असं वाचावे. सोबत सुधारित दाखला. भिंत भारवाहक आहे म्हटल्यावर कोणी फोडणार नाही. तुझंही निभावलं."

"पण सर, मी तिथे गेलोच नव्हतो. आणि त्या भिंती वरचा मजला पेलण्यासारख्या नाहीत."

"हे तुझ्या एकट्याचं आहे का?" आता त्यांचा आवाज चढला. "उद्या कोणी म्हणालं, सगळ्यांचे दाखले तपासा, तर?"

"तपासू द्या ना."

"आणि मग या जिल्ह्यात घरं कोणाच्या सहीनं उभी करायची? तुझ्या?"

मी खाली पाहिलं. मग चूक-दुरुस्तीच्या पत्राला हो म्हणालो. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. चक्क हलकं! भिंत वाचते, मुली वाचतात, परवाना वाचतो, आणि दोष टंकलेखनाचा. त्या हलकं वाटण्याची मला अजून किळस वाटते.

ड्राफ्ट्समननं एका मिनिटात काम केलं. कॉम्प्युटरमध्ये ठरावीक शब्द शोधून त्यांच्या जागी दुसरे टाकायची सोय असते, ती वापरून. कागद बाहेर आला, मी उभ्या उभ्याच शिक्का मारला, सही केली आणि खिशात घातला.

रविवारी दहाच्या सुमारास मी कागद द्यायला निघालो. लेआउटच्या कोपऱ्यावर वळलो आणि छन्नीचा आवाज कानावर आला. गाडी आडवी टाकून धावलो. मिस्त्री केळझरकडचा, सोमवारी त्याचं तिकडे दुसरं काम निघालं म्हणून त्यानं एक दिवस आधीच हात घातला होता. भिंतीवरचा प्लास्टरचा हातभर रुंद पट्टा सोलून काढलेला, आणि वर, बरोब्बर स्लॅबच्या खाली, डोकं आत जाईल एवढं भगदाड. भगदाडाच्या कोपऱ्यापासून छताकडे एक ताजी बारीक चीर गेलेली.

"हात थांबव! थांबव म्हणतो ना!" मी असा ओरडलो की मिस्त्रीच्या हातातून छन्नी पडली. "ताई, वरच्या पोरींना खाली बोलवा. आधी बोलवा, मग विचारा."

ताईनं विचारलं नाही. तिनं हाका मारल्या. मुली ओले केस घेऊन, एक तर साबणाच्या हातानं, खाली अंगणात आल्या. मग ताई माझ्याकडे वळली. "साहेब, काय झालं? काऊन असे ओरडून राह्यले?"

मी खिशातला कागद काढून दिला. माझ्या मनात मी शहाणा होतो. ही वाचेल, भिंत भारवाहक आहे हे तिला कळेल, काम थांबेल, मी घरी जाईन.

तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "'इमारतीच्या बाराही भारवाहक भिंती सुस्थितीत आहेत.'" मग ती थांबली. तिनं मधल्या भिंतीकडे बोट केलं, मग समोरच्या, मग बाजूच्या. ओठ हलत होते. मागच्या खोलीत डोकावून आली. "साहेब, बारा कुठं हाय? पाचच त हाय. न्हाणीची धरली त सहा."

मी कागद तिच्या हातातून घेतला आणि पहिल्यांदा वाचला. बारा कॉलमच्या बारा भिंती झाल्या होत्या. मी पुन्हा न वाचता सही केली होती. चूक दुरुस्त करताना!

"तुमी हे पाहून लिहिलं का?" तिनं विचारलं. रागानं विचारलं असतं तर मी काहीतरी फेकलं असतं तोंडावर. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "हेही पाहून लिहिलं नाही आणि तुमच्या कपाटातलंही पाहून लिहिलं नाही. तो दाखलाही माझाच. मी या घरात जेवायला यायच्या आधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. इथे एकही कॉलम नाही, ताई. हे घर पडलं असतं तर माझ्या सहीनं पडलं असतं."

अंगणातल्या मुली ऐकत होत्या. ताईनं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हंजे थे इंजिनिअर तुमीच? गुरुवारी म्या तुमाले कागद दाखवला, तवा तुमाले माहीत झालं. आन् तुमी ताक मांगतलं?"

मी मान हलवली.

मिस्त्री भिंतीपाशी उकिडवा बसला होता. पोरवयापासून विटा लावतोय, आता केस पिकले. तो खालच्या मानेनं म्हणाला, "मले त फोडतानीच दिसलं, साहेब. कॉलम नाई हाय. समद्या विटाच. पन म्हटलं, एवढ्या मोठ्या इंजिनिअरनं लिहून देल्लं हाय त आत कुठं तरी असन."

कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. ज्या माणसाचं आयुष्य विटांत गेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, माझ्या शिक्क्यावर ठेवला. थू आहे असल्या शिक्क्यावर.

"आता मले एक सांगा," ताई म्हणाली. "खरं कोनतं मानू? तुमच्या तोंडचं का तुमच्या सहीचं?"

"तोंडचं."

ती भिंतीकडे वळली. मग मिस्त्रीला म्हणाली, "भाऊ, सामान उचला. नाई फोडाची भीत."

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिथून हाललो नाही. सेंट्रिंगच्या लाकडी बल्ल्या आणवल्या, स्लॅबला टेकू लावले, मिस्त्रीनं भगदाड विटांनी बंद केलं. मग एका कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं: दाखला देण्याआधी मी या घरी आलो नव्हतो, या घरात एकही कॉलम नाही, वरचा मजला या भिंतींवर ठेवणं धोक्याचं आहे, तो रिकामा करावा. दोनदा वाचलं. सही केली, परवाना क्रमांक घातला. प्रती मालकाला, कार्यालयाला आणि संघटनेला रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. आता आपल्याला शिक्षा होणार, असं मला वाटलं. होऊ दे म्हटलं.

शिक्षा झाली, पण ती ताईला. मुलींनी आठवड्याच्या आत वरचा मजला सोडला, ते बरंच झालं. पण मालकानं ताईला सांगितलं, तूच त्या इंजिनिअरले जेवू घातलं, तूच घर बदनाम केलं, महिन्याभरात निघ. हॉल नाही म्हणून वसतिगृहाचं काम दुसऱ्याला गेलं. सासूला खाटेसकट उचलून दुसरीकडे न्यावं लागलं. घर बदललं की मेसची नोंदणीही नव्यानं काढा. पुन्हा एक बाई येऊन पिठाचा डबा उघडून पाहून गेली. ताईच्या पिठावर एवढं लक्ष.

मालकानं दुसऱ्या एका नोंदणीकृत इंजिनिअरचा दाखला आणला. मी कार्यालयात जाऊन प्रत पाहिली. कॉलम बाराच होते. मी पुन्हा लिहिलं, पोच मिळाली. घर अजून कुलूपबंद आहे, आणि दारावर 'भाड्याने देणे आहे' असा बोर्ड लटकतोय. तिथून जाताना बोर्ड आहे की गेला हे मी रोज पाहतो. गेला तर काय करायचं ते अजून मला ठाऊक नाही.

आणि माझं? संघटनेच्या व्हॉट्सअप ग्रुपमधून मला काढलं. माझ्यावर झालेली कारवाई ती एवढीच. नूतनीकरणाची तारीख आली तेव्हा मी अर्जच केला नाही. तरी एक दिवस मोबाईलवर मेसेज आला: आपली नोंदणी पुढील तीन वर्षांसाठी वैध आहे, अभिनंदन. बाबूला फोन केला तर म्हणाला, "अर्ज दिसला नाई, म्हनून म्याच भरून टाकला. जुनी ओळख हाय, साहेब." विजेचं बिल जुनंच जोडलं होतं म्हणे.

ताई आता सेवाग्राम रोडच्या बाजूला एका टिनाच्या शेडमध्ये मेस चालवते. लोखंडी खांब, वर टिन, तीन बाजूंना ताडपत्री. जेवणारे निम्म्यावर आलेत. मागच्या महिन्यात वादळवाऱ्याचे दिवस सुरू झाले तसा मी टेप, हातोडी आणि वही घेऊन तिच्याकडे गेलो. खांब जमिनीत किती खोल आहेत, टिनाला आकडे नीट बसवलेत का, वारा कुठून घुसेल, सगळं पाहावं म्हटलं. ती पोळ्या लाटत होती. मला पाहून तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"बसा साहेब. जेवन लावते."

"आधी शेड पाहतो, ताई. एकेक खांब पाहतो. मग तुम्हाला नीट, व्यवस्थित लिहून देतो."

तिचं लाटणं थांबलं. तिनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

"पाहा ना, साहेब," ती म्हणाली. "पाहाचं तेवढं पाहा. फक्त लिहून काई देऊ नका."